काबुकी नटांची जपानी छापचित्रं वाचायची कशी?

रोखलेले डोळे, मुरडलेले ओठ, अंगावर पसरलेला भलामोठा किमोनो आणि कोपऱ्यात न वाचता येणारे तीन-चार शिक्के. जपानी 'याकुशा-ए', म्हणजे काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं, पहिल्या भेटीत एवढंच सांगतात. पण यातली बरीचशी चित्रं एका ठरावीक खेळासाठी छापलेली आहेत. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, नवं नाटक लागणार म्हटलं की प्रकाशक चित्रकाराकडून रेखाटन करून घ्यायचा. कोरणारा ते चेरीच्या फळीवर उतरवायचा, छापणारा एकेका रंगाचा ठसा उमटवायचा आणि नाटकाचे खेळ चालू असतानाच चित्र दुकानात टांगलेलं असायचं. नाटक उतरलं की त्या चित्राची मागणीही उतरायची.

म्हणून असं चित्र हातात आलं तर पाच गोष्टी शोधायच्या: नट कोण, भूमिका कोणती, नाटक कोणतं, नाट्यगृह कोणतं आणि महिना कोणता. लिलावाच्या याद्यांत सगळ्यात आधी चित्रकाराचं नाव असतं, त्यामुळे नवखा माणूस सहीपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. मी उलट क्रम सुचवतो. आधी नटाला ओळखा, चित्रकार नंतर. ज्याने ते चित्र विकत घेतलं त्या एदोच्या रसिकालाही त्याचा लाडका नटच हवा होता.

पायरी १: हात लावण्याआधी

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. चित्र एका कोपऱ्याने उचलू नका. समोरासमोरच्या दोन कडा धरून दोन्ही हातांनी उचला, किंवा खाली स्वच्छ जाड पुठ्ठा सरकवून त्यावरच हलवा. जवळ दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, छोटी टॉर्च आणि टिपणासाठी पेन्सिल ठेवा. शाईचं पेन त्या टेबलावर येऊ देऊ नका.

आधी मापं घ्या. सर्वांत प्रचलित 'ओबान' आकार साधारण ३८ बाय २५ सेंटिमीटर असतो. 'चुबान' त्याच्या सुमारे निम्मा, २६ बाय १९च्या आसपास. 'होसोबान' ही अरुंद उभी पट्टी, साधारण ३३ बाय १५. होसोबानमध्ये एकच नट पूर्ण उभा असेल तर बहुधा चित्र अठराव्या शतकातलं आहे. चुबानमध्ये दाट, मखमली रंग आणि धातूच्या पुडीची चमक असेल तर ओसाकाचा विचार करा. तिथली नटचित्रं १८४२च्या सरकारी बंदीमुळे काही वर्षं थांबली होती. १८४७च्या सुमारास ती पुन्हा सुरू झाली ती मुख्यतः या लहान आकारात, आणि हिरोसादासारख्या चित्रकारांनी त्या छोट्या कागदावर फार मोठं काम केलं.

मापं ठरलेल्या आकारापेक्षा बरीच कमी भरली तर कडा कापलेल्या आहेत. आकृतीची नजर चौकटीबाहेर कुणावर तरी रोखलेली असेल, मागची नदी किंवा भिंत कडेला अर्धवट तुटत असेल, तर हा तीन चित्रांच्या संचातला एक भाग असू शकतो. असे संच उजवीकडून डावीकडे लावायचे असतात. प्रत्येक भागावर स्वतंत्र सही असते, त्यामुळे एकटा तुकडाही पूर्ण चित्र वाटतो आणि तसाच विकला जातो.

पायरी २: खरंच ठशावरून छापलंय का?

भिंगातून चेहऱ्याच्या सपाट रंगाकडे पाहा. बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावर छापलेलं आधुनिक चित्र आहे, विषय संपला. ठशावरच्या छपाईत रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, आणि कधी कधी लाकडाच्या रेषाही रंगात उमटलेल्या दिसतात.

मग चित्र उलटं करा. छापणारा 'बारेन' नावाच्या, बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने कागद मागून घासायचा. मागच्या बाजूला रंग थोडा पाझरलेला आणि त्या घासण्याच्या गोलसर खुणा दिसतात. टॉर्च अगदी बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर धरली की रंगाशिवाय नुसत्या दाबाने काढलेली नक्षी दिसू लागते. पांढऱ्या कपड्यावरची वीण, बर्फ, पिसं हे सगळं असं काढलेलं असतं. समोरून पाहिलं तर ते डोळ्यांना लागतच नाही.

इथे एक पेच आहे. विसाव्या शतकात जुन्या प्रसिद्ध चित्रांच्या प्रतिकृतीही हाताने नवे ठसे कोरूनच तयार झाल्या, आणि त्यातल्या काही अप्रतिम आहेत. त्यांना ठिपक्यांची कसोटी लागू पडत नाही. कागद एकसारखा पांढरा किंवा मुद्दाम पिवळट केलेला, रंग सगळीकडे सारखेच ताजे, एकही कीडछिद्र नाही, समासात छोट्या अक्षरांत आधुनिक प्रकाशकाचा मजकूर, अशी लक्षणं एकत्र दिसली की सावध व्हा. प्रतिकृती म्हणून घेतली तर ती उत्तमच. मूळ म्हणून घेऊ नका.

पायरी ३: घराण्याचं चिन्ह शोधा

आता नटाकडे वळू. किमोनोच्या बाहीवर, छातीवर, पंख्यावर, कंदिलावर कुठेतरी 'मोन', म्हणजे घराण्याचं चिन्ह असतं. सात-आठ चिन्हं लक्षात ठेवली की निम्मं काम होतं.

एकात एक बसवलेले तीन चौकोन, म्हणजे वरून पाहिलेली तांदूळ मोजायची तीन मापं: इचिकावा दान्जुरो घराणं. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची चार फुलं जवळ जवळ: मात्सुमोतो कोशिरो. वर्तुळात तीन पंखे: इवाई हान्शिरो. मध्ये बांधलेली कापसाची जुडी: सेगावा किकुनोजो. पंखा आणि ओकची पानं: ओनोए किकुगोरो. वर्तुळात दोन उभ्या फटकाऱ्यांसारखं 'इ' हे जपानी अक्षर: सावामुरा सोजुरो. 'मोठा' या अर्थाचं एकच चिनी अक्षर तीनदा गुंफलेलं: बांदो मित्सुगोरो. एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन गुंडाळ्या, म्हणजे क्योतोच्या गिओन देवस्थानचा ताईत: नाकामुरा उताएमोन.

चिन्ह घराणं सांगतं, माणूस सांगत नाही. शिष्यही गुरूचं चिन्ह थोड्या फरकाने वापरायचे, तीन चौकोनांच्या आत एखादं अक्षर घालून. काही चिन्हं नटाची नसून पात्राची असतात. म्हणून चिन्ह सापडल्यावर लगेच थांबायचं नाही.

पायरी ४: चेहरा आणि नाव

तोरिई घराण्याच्या चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नट रंगवले ते जोशासाठी. भोपळ्यासारख्या फुगीर पोटऱ्या, गांडुळासारखी जाड-बारीक वळणारी रेघ, आणि चेहरे जवळपास एकसारखे. त्या काळातल्या चित्रात नाव किंवा चिन्ह नसेल तर चेहऱ्यावरून नट ओळखणं अशक्य आहे. बदल झाला तो कात्सुकावा शुन्शोमुळे (१७२६–१७९२). १७६०च्या दशकात त्याने आणि इप्पित्सुसाई बुन्चोने खऱ्या नटाचं साम्य चित्रात आणलं. १७६५च्या सुमारास पूर्ण रंगीत छपाई रुळली होतीच. त्यानंतरच्या चित्रांत नाक, जबडा, डोळे हे पुरावे म्हणून वापरता येतात.

काही चेहरे एकदा पाहिले की विसरत नाहीत. पाचवा, म्हणजे हे नाव घेणारा पाचवा नट, मात्सुमोतो कोशिरो (१७६४–१८३८) म्हणजे प्रचंड मोठं, बाकदार नाक आणि जवळ जवळ असलेले बारीक डोळे. खलनायकाच्या भूमिकांत तो असा भेदक दिसतो की इतर कुणाशी गल्लत होत नाही. सातव्या दान्जुरोचे डोळे मोठे, वाटोळे. पाचव्या इवाई हान्शिरोच्या (१७७६–१८४७) डोळ्यांची किंमत लोक हजार सोन्याची नाणी सांगायचे, आणि त्याचा किंचित पुढे आलेला खालचा ओठ तोयोकुनी आणि कुनिसादा या दोन्ही चित्रकारांच्या चित्रांत दिसतो. हा हान्शिरो स्त्रीभूमिका करायचा. १६२९मध्ये स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाल्यापासून काबुकीत सगळे नट पुरुषच. बालगंधर्वांची परंपरा जपणाऱ्या मराठी रसिकाला यातली कला समजावून सांगायला नको.

स्त्रीपात्र करणारा नट, 'ओन्नागाता', ओळखायची एक पक्की खूण आहे. १६५२नंतर नटांना कपाळावरचे केस भादरावे लागत. ती जागा झाकायला ओन्नागाता कपाळावर जांभळ्या रेशमाचा तुकडा लावत. चित्रात भुवयांच्या वर हा तुकडा दिसला की ती एखादी गणिका किंवा गृहिणी नसून नट आहे हे नक्की. एक लक्षात ठेवा: जुना जांभळा रंग फार लवकर उडतो. आज तो तपकिरी, राखाडी किंवा फिकट पिवळा दिसू शकतो. रंग शोधू नका, तुकड्याचा आकार शोधा.

आता नावाचा गुंता. काबुकीत नाव वारशाने चालतं आणि एकच माणूस आयुष्यात तीन-चार नावं घेतो. हे गुंतागुंतीचं वाटतं, पण तारीख काढायला याच्याइतकं उपयोगी काही नाही. दान्जुरोचं उदाहरण घ्या. सातव्या दान्जुरोने (१७९१–१८५९) १८३२मध्ये हे नाव मुलाला दिलं आणि स्वतः एबिझो झाला. आठवा दान्जुरो १८५४मध्ये ओसाकात आत्महत्या करून गेला. पुढचा, नववा, दान्जुरो थेट १८७४मध्ये झाला. म्हणजे १८४०च्या चित्रातला दान्जुरो आठवाच, आणि १८६२च्या चित्रावर 'दान्जुरो' लिहिलेलं असेल तर ते चालू खेळाचं चित्र असूच शकत नाही. ते गतकाळच्या नटाचं स्मरण आहे.

आठव्या दान्जुरोवरून आणखी एक. तो देखणा, तरुण, अतिशय लोकप्रिय होता. त्याच्या मृत्यूनंतर 'शिनी-ए', म्हणजे मृत्युचित्रांचा पूर आला. नट फिकट निळ्या औपचारिक पोशाखात, हातात जपमाळ, बाजूला मृत्यूची तारीख, मरणोत्तर बौद्ध नाव आणि बहुधा एखादी कविता, असं दिसलं की ते शिनी-ए समजावं. त्यात नाटक शोधत बसू नका. ही चित्रं बऱ्याचदा बिनसहीची आणि घाईत छापलेली आहेत, तरी चाहत्यांचा शोक त्यांत थेट भेटतो. मला ती फार मोलाची वाटतात.

पायरी ५: वेशभूषेवरून भूमिका

रंगवलेला चेहरा आधी पाहा. पांढऱ्यावर लाल पट्टे म्हणजे न्यायाच्या बाजूचा, रक्त सळसळणारा वीर. निळे पट्टे म्हणजे दुष्ट किंवा भूत. तपकिरी म्हणजे राक्षस, कोळ्याचा आत्मा, अमानवी काहीतरी. या रंगलेखनाला 'कुमादोरी' म्हणतात आणि ते पहिल्या दान्जुरोच्या (१६६०–१७०४) आक्रमक अभिनयशैलीशी जोडलेलं आहे. डोळे तिरळे, मान झटकलेली, हात-पाय ताणून गोठलेले, ही 'मिए' म्हणजे प्रसंगाच्या शिखरावर घेतलेली मुद्रा. चित्रकाराने नेमका तो क्षण उचललेला असतो.

मग कपडे. विटकरी-केशरी रंगाचा अवाढव्य झगा आणि बाहीवर भलेमोठे तीन चौकोन असतील तर नाटक 'शिबाराकु', दुसरं काही नाही. काळा किमोनो, आत लाल अस्तर, कपाळाला उजवीकडे गाठ मारलेली जांभळी पट्टी आणि हातात छत्री: 'सुकेरोकु'. काळ्या-पांढऱ्या दातेरी किनारीचे अंगरखे घातलेली माणसं: 'चुशिन्गुरा'मधले सूड घेणारे सेवक. फुलपाखरांची नक्षी म्हणजे वडिलांच्या खुनाचा सूड घेणाऱ्या सोगा बंधूंतला धाकटा गोरो. समुद्रकाठच्या छोट्या पक्ष्यांची नक्षी म्हणजे थोरला जुरो.

सोगा बंधू दिसले तर महिन्याचाही अंदाज बांधता येतो, कारण एदोत नववर्षाच्या नाटकात सोगांची कथा गुंफायची रीत होती. नाट्यवर्ष अकराव्या महिन्यात सुरू व्हायचं. नव्याने करारबद्ध झालेल्या नटांची ओळख करून द्यायचा तो खेळ. उन्हाळ्यात भुतांची नाटकं, अंगावर काटा यावा म्हणून. 'योत्सुया काइदान' हे सर्वांत गाजलेलं भूतनाट्य १८२५च्या सातव्या महिन्यात नाकामुरा-झा नाट्यगृहात पहिल्यांदा झालं, आणि सुजलेल्या चेहऱ्याची ओइवा तिसऱ्या ओनोए किकुगोरोने केली.

चौकटी-चौकटीचं कापड दिसलं तर जरा थांबा. सानोगावा इचिमात्सु या अठराव्या शतकातल्या नटाने ते लोकप्रिय केलं आणि त्याच्याच नावाने ते आजही ओळखलं जातं. तोक्यो २०२० ऑलिंपिकचं बोधचिन्ह त्याच नक्षीतून आलं आहे. पण या चौकटी पुढे सगळ्यांनीच वापरल्या, म्हणून त्यावरून नट ठरवू नका.

पायरी ६: शिक्क्यांवरून काळ

माझ्या मते हीच सर्वांत समाधान देणारी पायरी, कारण जपानी न येताही ती जमते. सरकारी तपासणीशिवाय चित्र विकता येत नसे, आणि तपासणीच्या पद्धती बदलत गेल्या. शिक्के मोजा, त्यांचे आकार पाहा, काळ आपोआप समोर येतो.

१७९०च्या आधीच्या चित्रांवर सहसा तपासणीचा शिक्काच नाही. १७९०च्या सुमारापासून १८४२पर्यंत एकच अक्षर असलेला छोटा गोल शिक्का, 'किवामे'. १८४२मध्ये 'तेन्पो सुधारणा' या सरकारी काटकसरीच्या फर्मानांच्या लाटेत नट आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी आली, नाट्यगृहं शहराच्या मध्यातून आसाकुसाजवळ हलवली गेली आणि तपासणीचं काम वस्तीच्या प्रमुखांकडे गेलं. म्हणून १८४२ ते १८४६ त्यातल्या एकाच्या नावाचा एक शिक्का, आणि १८४७ ते १८५२ दोघांचे दोन. १८५२–५३मध्ये त्या दोन शिक्क्यांसोबत तिसरा, लांबट गोल शिक्का येतो. त्यात वर्ष-महिना असतो. १८५३च्या अखेरीपासून १८५७पर्यंत 'आरातामे', म्हणजे 'तपासलं', आणि तारखेचा शिक्का अशी जोडी. १८५८मध्ये बहुतेक फक्त तारीख. १८५९ ते १८७१ तपासणी आणि तारीख एकाच गोल शिक्क्यात. १८७५नंतर कडेला लहान अक्षरांत प्रकाशकाचं नाव, पत्ता आणि मेइजी या सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षाने दिलेली तारीख.

तारखेच्या शिक्क्यात वर्ष प्राण्याच्या नावाने असतं. बारा प्राणी, बारा वर्षांचं चक्र: १८५२ उंदीर, १८५३ बैल, १८५४ वाघ, पुढे ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, वानर, कोंबडा, कुत्रा, डुक्कर आणि १८६४ला पुन्हा उंदीर. उंदीर दिसला की १८५२ की १८६४ हा प्रश्न येतोच. शिक्क्यांची जोडणी तो सोडवते: सोबत दोन अधिकाऱ्यांचे शिक्के असतील तर १८५२, सगळं एका गोलात असेल तर १८६४. बारा प्राण्यांची आणि एक ते बारा अंकांची अक्षरं एका कागदावर मोठी छापून टेबलावर ठेवा. महिने चांद्र आहेत आणि अधिक महिन्यासाठी वेगळं अक्षर असतं. तिसरा महिना म्हणजे आपला मार्च धरू नका, तो साधारण एप्रिलमध्ये पडतो. अकराव्या-बाराव्या महिन्यातली चित्रं तर आपल्या कॅलेंडरच्या पुढच्या वर्षातही जाऊ शकतात.

ओसाकाच्या चित्रांवर हे शिक्के सहसा नसतात. तिथे नट, भूमिका आणि खेळ यांवरूनच तारीख काढावी लागते.

बंदीनंतरच्या चित्रांबद्दल एक इशारा. बंदी हळूहळू सैल झाली, पण बरीच वर्षं चित्रावर नटाचं नाव लिहायचं टाळलं जाई. फक्त भूमिकेचं नाव, किंवा तेही नाही. लोक चेहऱ्यावरून ओळखत. कुनियोशीने १८४७–४८च्या सुमारास भिंतीवर खिळ्याने ओरखडल्यासारख्या रेघोट्यांत नट काढले. पाहणाऱ्याला ती पोरांची चित्रकला वाटेल, आणि रसिकाला प्रत्येक चेहरा ओळखता येईल. याच काळात 'मिताते' प्रकार फोफावला: नट खरा, भूमिका खरी, पण त्याने ती कधी केलेलीच नाही. कुनिसादाने १८५२मध्ये एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो मार्गाच्या मुक्कामांसमोर नट उभे करून जी मालिका काढली ती अशीच कल्पनेतली, आणि ती तुफान खपली. म्हणून सगळं जुळूनही नोंदींत खेळ सापडत नसेल, तर दोष तुमच्या शोधाचा असेलच असं नाही.

पायरी ७: आता सही

सहीच्या शेवटी बहुधा 'गा' किंवा 'हित्सु' असतं. दोन्हींचा अर्थ 'यांनी काढलं'. त्याच्या वरची दोन-तीन अक्षरं म्हणजे चित्रकाराचं नाव. सर्वांत जास्त गोंधळ 'तोयोकुनी'चा. पहिला तोयोकुनी (१७६९–१८२५), त्याच्यानंतर हे नाव घेणारा तोयोशिगे (मृत्यू १८३५), आणि १८४४पासून तोयोकुनी अशी सही करणारा कुनिसादा (१७८६–१८६५). अक्षरं तीच. इथे सहावी पायरी कामाला येते: नुसता किवामे शिक्का असेल तर पहिला किंवा दुसरा, अधिकाऱ्यांच्या नावांचे किंवा तारखेचे शिक्के असतील तर कुनिसादा. त्याची सही बऱ्याचदा लाल-पिवळ्या लांबट चौकटीत असते आणि त्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात उतागावा या चित्रकार घराण्याचा वळसा असतो. म्हातारपणी तो सहीत स्वतःचं वयही लिहायचा, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. जपानी पद्धतीने जन्माचं वर्ष एक धरायचं, म्हणजे सत्त्याहत्तर म्हणजे १८६२.

प्रकाशकाचं चिन्हही शोधा. तीन शिखरांच्या फुजी पर्वताखाली आयव्हीचं पान म्हणजे त्सुताया जुझाबुरो (१७५०–१७९७), ज्याने शाराकु या चित्रकाराची नटचित्रं छापली.

पायरी ८: खेळ शोधा

आतापर्यंतची टिपणं घेऊन संगणकासमोर बसा. तोक्योतल्या वासेदा विद्यापीठाचं नाट्यसंग्रहालय १९२८मध्ये सुरू झालं. नटचित्रांचा त्यांचा संग्रह अफाट आहे आणि तो इंटरनेटवर शोधता येतो. नोंदीत नट, भूमिका, नाटक, नाट्यगृह आणि तारीख असते, म्हणजे आपल्याला हवे ते पाचही. क्योतोच्या रित्सुमेइकान विद्यापीठाचा माहितीसाठाही तितकाच उपयोगी. पानं जपानीत असली तरी ब्राउझरचं भाषांतर पुरतं. 'उकियो-ए डॉट ऑर्ग' या संकेतस्थळावर मोबाइलने काढलेला फोटो चढवला की अनेक संग्रहालयांतली तशीच चित्रं समोर येतात. फोटो सरळ, सावली न पडू देता काढा. तरीही पहिल्या सात पायऱ्या आधी करा असंच मी सांगेन. यंत्राने दिलेलं उत्तर पारखायला हातात काहीतरी असायला हवं.

सगळं एकत्र कसं येतं ते एका प्रसिद्ध चित्रावर पाहू. मागे अभ्रकाची गडद चमक. गळ्याजवळ कपड्यातून पुढे आलेले दोन हात, बोटं फाकलेली, जबडा पुढे, ओठ घट्ट. तोशुसाई शाराकुचं हे चित्र चहाच्या कपांपासून भित्तीचित्रांपर्यंत सगळीकडे दिसतं, पण त्यावर नटाचं, भूमिकेचं, नाटकाचं नाव कुठेच नाही. आहे ती फक्त सही, किवामे शिक्का आणि आयव्हीचं पान. शिक्का सांगतो १७९०नंतर. प्रकाशक १७९७मध्ये वारला. चेहरा त्या वेळच्या इतर चित्रांशी आणि नाट्यगृहांच्या छापील पत्रकांशी ताडला की नट ठरतो: तिसरा ओतानी ओनिजी. भूमिका एदोबेई, दरोडा घालणारा हलक्या दर्जाचा सेवक. नाटक 'कोई न्योबो सोमेवाके ताझुना', नाट्यगृह कावारासाकी-झा, १७९४चा पाचवा महिना. त्या वर्षी एदोतली तिन्ही मुख्य परवानाधारक नाट्यगृहं कर्जात बुडून बंद होती आणि त्यांच्या बदली गृहांत खेळ चालू होते. कावारासाकी-झा हे त्यातलंच एक. त्याच वर्षाच्या अखेरीस ओनिजीने दुसरा नाकामुरा नाकाझो हे नाव घेतलं, म्हणजे नावही तारखेला दुजोरा देतं.

एवढं कळल्यावर ते हात वेगळे दिसतात. एदोबेई पैसे लुटायला इप्पेई या सेवकावर झडप घालतो आहे. इप्पेईच्या भूमिकेतल्या पहिल्या इचिकावा ओमेझोचं चित्रही शाराकुने काढलंय, तलवारीला हात घातलेला. दोन्ही शेजारी ठेवली की मारामारी सुरू होते. शाराकुने जेमतेम दहा महिन्यांत १४०हून अधिक चित्रं काढली आणि १७९५च्या सुरुवातीला तो थांबला. त्यातल्या कमरेच्या वरचाच भाग दाखवणाऱ्या पहिल्या अठ्ठावीस चित्रांत त्याने नटांना सुंदर केलं नाही. स्त्रीपात्रांच्या जबड्यातला पुरुष त्याने तसाच राहू दिला.

तुमच्या हातात शाराकु येणार नाही. येईल ते बहुधा कुनिसादाचं उत्तरकाळातलं किंवा कुनिचिकाचं (१८३५–१९००) चित्र, कारण मूळ नटचित्रांत हीच सगळ्यांत जास्त संख्येने उरली आहेत आणि त्यामुळे परवडणारीही हीच. त्यांना कमी लेखू नका. समजा ओबान आकार, गोल शिक्क्यात आरातामे, वानर आणि तीन. लाल चौकटीत तोयोकुनी. बाहीवर ओकची पानं. म्हणजे १८६०चा तिसरा महिना, कुनिसादा, ओनोए घराणं. आता त्या महिन्यात एदोच्या कोणत्या नाट्यगृहात ओनोए घराण्याचा कोण काम करत होता एवढंच शोधायचं उरतं.

पायरी ९: प्रत किती चांगली?

एकाच ठशावरून शेकडो, हजारो प्रती निघायच्या. सुरुवातीच्या प्रतीत केसांच्या मुळाशी एकेक केस सुटा दिसतो. नंतर ठसा झिजतो आणि रेघ जाड होऊन तुटू लागते. आकाशातली गडदपासून फिकटपर्यंत उतरणारी छटा उशिराच्या प्रतीत सरळ गाळलेली आढळते, कारण तिला वेळ लागायचा. काळ्या किमोनोवर तिरपा प्रकाश टाका. चांगल्या प्रतीत काळ्यावर काळी, घासून चमकवलेली नक्षी उठून येते.

रंगांचंही वय असतं. करडईचा लाल आणि फुलांचा निळा प्रकाशाने उडतात. १८३०च्या सुमारास रुळलेला प्रशियन निळा टिकाऊ आहे. १८६०च्या दशकापासून आलेले आयात केलेले भडक लाल-जांभळे रंग पाण्याच्या थेंबानेही पसरतात. मधली घडी, कीडछिद्रं, मागे चिकटवलेला कागद हे दोष सांगून विकले जात असतील तर घाबरायचं कारण नाही. जुन्या काळी लोक ही चित्रं वहीत चिकटवून ठेवायचे, त्याच्याच या खुणा आहेत. विकत घेताना मागच्या बाजूचा आणि तिरप्या प्रकाशातला फोटो मागा. विक्रेता तो देत नसेल तर चित्र सोडून द्या.

पायरी १०: आपल्या हवेत जपणं

जपानमधला कागद मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात आला की दोन शत्रू: दमट हवा आणि कसर. बाहेरच्या भिंतीवर चित्र कधीच टांगू नका, ती भिंत पावसात ओल धरते. लॅमिनेशन, सेलोटेप, फेविकॉल यांपैकी काहीही त्या कागदाला लागता कामा नये. आम्लविरहित पुठ्ठ्याच्या दोन पानांत चित्र ठेवा. वरच्या कडेला जपानी पातळ कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून ते लटकवा, म्हणजे उद्या पाण्याने सुटतील. काच चित्राला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. ऊन थेट पडणार नाही अशी जागा निवडा. संग्रहालयं अशा चित्रांसाठी ५० लक्सइतका मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी चित्र उतरवतात. घरीही दोन-तीन चित्रं आलटून पालटून लावता येतात.

बाकीची पेटीत, आडवी, प्रत्येकामध्ये आम्लविरहित कागद घालून ठेवा. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. डांबराच्या गोळ्या चित्रांजवळ नकोत. पुठ्ठ्यावर, चित्रावर नव्हे, मऊ पेन्सिलीने नट, भूमिका, नाटक, नाट्यगृह, महिना, चित्रकार आणि प्रकाशक लिहा. जे सापडलं नाही त्याची जागा कोरी सोडा. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की पेटी उघडून प्रत्येक चित्र दोन्ही बाजूंनी तपासा. तपकिरी ठिपके किंवा ताजी छिद्रं दिसली तर ते चित्र लगेच इतरांपासून वेगळं करा आणि कागद-जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.